ओढण्याआधी पेलण्याचं बघा

प्रश्न : आम्ही डेन्व्हरला राहतो, घरात चौघे. ७,००० पौंड कमाल वजनाचा ट्रॅव्हल ट्रेलर घ्यायचाय. विक्रेता म्हणतो, अर्ध्या टनाचा पिकअप ११,००० पौंड ओढतो. घ्यावा का?

उत्तर : तो आकडा तूर्त बाजूला ठेवा आणि ट्रकचं ड्रायव्हरकडचं दार उघडा. चौकटीवरच्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते छापलेलं असतं. हा पेलोड. एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांतही तो वेगळा निघतो, कारण सनरूफ, मोठी केबिन वगैरेंचं वजन त्यातूनच वजा होतं. म्हणून जाहिरात नको, तुम्ही घेणार त्याच गाडीचा स्टिकर वाचा.

ट्रेलरचा १० ते १५ टक्के भार हिचवर येतो, आणि तोही पेलोडमध्येच धरायचा. १३ टक्के धरले तर ९१० पौंड. वजन विभागणारा हिच १००, तुम्ही चौघे ६००, मागे सामान २००. झाले १,८१०! स्टिकरवर १,५०० असेल, तर कितीही सवलत मिळो, तो ट्रक घेऊ नका; पाऊण टनाचा बघा. हिचवरचा भार कमी करायला सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला तर मुळीच सरकवू नका. हायवेवर ट्रेलर डोलू लागला की सावरणं फार अवघड, आणि गाडीत मुलं असतात.

शिवाय डेन्व्हरहून डोंगरात जाताना लागणारा आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांहून उंचावर आहे. विरळ हवेत टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे सुमारे ३ टक्के घटते. तुम्ही टर्बोच घ्या. ट्रेलर ब्रेक कंट्रोलर कंपनीतूनच बसवलेला असावा, आणि उतारावर गिअर खालचा ठेवा.