संगणकांचे श्रमदान आणि त्याचे माप

एका नावाची अनेक मापे

दशमान पद्धती येण्यापूर्वी आपल्या देशात शेर हे माप बहुतेक ठिकाणी होते. परंतु सर्वत्र ते एक नव्हते. बंगालचा पक्का शेर 80 तोळ्यांचा होता, तर दक्षिणेतील कच्चा शेर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान होता. दोन प्रांतांतील दोन व्यापाऱ्यांनी ‘दहा शेर’ म्हटले, तरी धान्य सारखेच भरेल असा भरवसा नसे. हा गोंधळ मिटविण्यासाठी 1956 साली संसदेने वजनमापांचा कायदा केला, आणि 1 ऑक्टोबर 1958 पासून किलोग्रॅमचा वापर सुरू झाला.

याच जातीचा गोंधळ पुढे संगणकांच्या एका व्यवहारात उद्भवला. तेथे मोजावयाचे होते ते धान्य नव्हे, तर गणिती काम. आणि दोन प्रांतांच्या जागी होत्या दोन कार्यप्रणाली, म्हणजे ज्यांना आपण सर्रास ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो त्या. हा गोंधळ कशामुळे झाला आणि तो कसा निस्तरला, हे या पाठात पाहावयाचे आहे.

रिकाम्या वेळेचे दान

म्हैसूरमधील एखाद्या शाळेचा संगणक-कक्ष डोळ्यांपुढे आणा. तास संपतो, मुले निघून जातात; यंत्रे मात्र चालूच असतात आणि काहीच करीत नसतात. असा रिकामा वेळ लक्षावधी लोकांकडून मागून घ्यावा, एखादे प्रचंड गणित लहान लहान तुकड्यांत वाटून द्यावे आणि उत्तरे परत गोळा करावीत, ही स्वेच्छा वितरित गणनाची कल्पना होय. गावचा रस्ता जसा श्रमदानाने बांधला जातो, तसेच हे काम चालते.

अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठाने 17 मे 1999 रोजी ‘सेटी ॲट होम’ हा प्रकल्प सुरू केला. अरेसिबो येथील रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींत परग्रहांवरील बुद्धिमान जीवांचा काही संकेत मिळतो काय, हे त्यात तपासले जाई. या प्रकल्पाने 31 मार्च 2020 रोजी कामाचे वाटप थांबविले. परंतु त्यातूनच डेव्हिड अँडरसन यांनी सिद्ध केलेली ‘बॉइंक’ ही सामाईक व्यवस्था 2004 पासून अनेक विज्ञानशाखांच्या उपयोगी पडली.

या व्यवस्थेवर चालणारा ‘आइन्स्टाइन ॲट होम’ हा प्रकल्प 2005 साली निघाला. लायगो या वेधशाळांच्या नोंदींत गुरुत्वीय लहरी शोधणे हे त्याचे एक काम. आपल्या वाचकांस हा विषय परका नाही. म्हैसूर विद्यापीठात शिकलेले सी. व्ही. विश्वेश्वर यांनी कृष्णविवर डिवचले गेल्यावर त्यातून निघणाऱ्या लहरी कशा विरत जातात, हे 1970 साली गणिताने दाखविले होते. आणि हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभारावयाच्या लायगो-इंडिया वेधशाळेस केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये मंजुरी दिली.

श्रेयाचे एकक

ज्याने काम केले, त्याची नोंद राहिली पाहिजे. या कामाबद्दल पैसा मिळत नाही; मिळते ते केवळ श्रेय, म्हणजे नावापुढे लिहिला जाणारा एक आकडा. तथापि स्वयंसेवक त्या आकड्यास फार जपतात. शाळाशाळांत, देशादेशांत त्यावरून चुरस लागते. म्हणून तो न्याय्य असणे अगत्याचे ठरते.

प्रथम ‘सेटी ॲट होम’मध्ये पुऱ्या केलेल्या तुकड्यांची संख्याच मोजीत. परंतु अनेक प्रकल्प निघाल्यावर ही रीत अपुरी पडली. कारण एका प्रकल्पाचा तुकडा तासाभराचा, तर दुसऱ्याचा अनेक दिवसांचा. तेव्हा एक एकक ठरविण्यात आले. त्याला ‘कॉबलस्टोन’ म्हणतात. बर्कलीच्या प्रकल्पातील जेफ कॉब यांच्या नावावर केलेला हा विनोदी शब्द आहे.

संगणकाचा वेग अजमावण्यासाठी दोन ठराविक चाचण्या घेतल्या जात. अपूर्णांकांच्या गणितासाठी ‘व्हेटस्टोन’ आणि पूर्णांकांच्या कामासाठी ‘ड्रायस्टोन’. दोन्ही चाचण्यांत सेकंदाला एक अब्ज क्रिया करणारे यंत्र प्रमाण मानले, आणि त्याच्या एका दिवसाच्या कामास 100 श्रेय ठरविले. त्यावरून सूत्र असे झाले:

श्रेयाचा दावा = 100 × दोन चाचण्यांची सरासरी (अब्जांत) × लागलेले दिवस

सूत्रातील दोष

वरवर पाहता हे सूत्र निर्दोष वाटते. आता एक उदाहरण करू. त्यातील आकडे समजुतीसाठी घेतले आहेत.

एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही कार्यप्रणाली बसविल्या आहेत. विंडोजवर चाचण्यांची सरासरी 2 अब्ज आली आणि कामाचा एक तुकडा 6 तासांत, म्हणजे पाव दिवसात, पुरा झाला. दावा झाला 100 × 2 × ¼ = 50. त्याच यंत्रावर लिनक्स चालविले असता चाचण्यांची सरासरी 1.5 अब्ज आली, पण तोच तुकडा 5 तासांत पुरा झाला. दावा झाला 100 × 1.5 × 5/24 = 31.25.

यंत्र तेच, तुकडा तोच, उत्तरही तेच. लिनक्सवर तर काम लवकर उरकले. तरी श्रेय मात्र जवळजवळ दोन-पंचमांशाने घटले! कारण उघड आहे. सूत्र कामाला मोजीत नव्हते. ते वेळेला मोजीत होते, आणि तो वेळ चाचणीच्या काट्याने तोलीत होते. काटा हलका दाखवू लागला की माल हलका ठरे; आणि हमालाने पाय उचलून टाकले, तर त्याची मजुरी कमी होई.

बॉइंकच्या पहिल्या वर्षांत लिनक्सवरील स्वयंसेवकांस हा अनुभव प्रत्यक्ष आला. काहींनी चाचणीचा आकडा फुगविणाऱ्या आज्ञावल्या तयार केल्या. त्या अन्यायावर उपाय म्हणून आल्या, तरी त्यांमुळे खरे कष्टाळू आणि आकडे फुगविणारे यांत भेद करणे कठीण झाले.

कार्यप्रणालीने फरक का पडतो?

प्रक्रियकाचा मूळ वेग कार्यप्रणाली बदलत नाही. मग फरक कोठून येतो?

पहिले कारण कंपायलर. मनुष्याने लिहिलेली आज्ञावली यंत्रभाषेत उतरविणारा हा दुभाषी विंडोजसाठी वेगळा आणि लिनक्ससाठी वेगळा वापरला जात असे. एक दुभाषी अनावश्यक क्रिया गाळून टाकतो, दुसरा शब्दाला शब्द ठेवतो. चाचणीची आज्ञावलीही अशीच भाषांतरित होत असल्याने तिचा आकडा यंत्राच्या वेगाबरोबर दुभाष्याचे कसबही सांगतो.

दुसरे कारण गणिती फलांचे संग्रह. ज्या, कोज्या, घातांक यांसारखी फले काढण्याची रीत प्रत्येक कार्यप्रणालीच्या संग्रहात निराळी असते.

तिसरे कारण अंकांची लांबी. जुन्या 32-बिटी आज्ञावल्यांत प्रक्रियकाचा अपूर्णांक-विभाग विंडोजवर सामान्यतः 53 द्विमान स्थानांपर्यंत अचूकता राखी, तर लिनक्सवर 64 स्थानांपर्यंत.

म्हणूनच अमुक कार्यप्रणाली सदैव वेगवान, असा निष्कर्ष काढता येत नाही. एका प्रकल्पात एक पुढे असते, दुसऱ्यात दुसरी.

उत्तरांतही फरक

श्रेयाचा आकडा चुकला तर एखाद्याचा हिरमोड होईल. पण उत्तरच निराळे आले तर विज्ञानच धोक्यात येईल. स्वयंसेवकाचे यंत्र बिघडलेले असू शकते, म्हणून तोच तुकडा दोघातिघांकडे पाठवून उत्तरे ताडून पाहतात. दोन कार्यप्रणालींची उत्तरे शेवटच्या अंकात भिन्न आली, तर खरे कोणते मानावे?

युरोपातील सर्न या संस्थेने 2004 साली सुरू केलेल्या ‘एलएचसी ॲट होम’ प्रकल्पात हा प्रश्न तीव्रतेने पुढे आला. तेथे प्रवेगकाच्या वर्तुळात 60 कणांच्या एक लाख किंवा दहा लाख फेऱ्यांचे गणित केले जाई. पहिल्या फेरीत शेवटच्या अंकात पडलेला कणभर फरक फेरीगणिक वाढत जाई. एका यंत्राच्या मते कण वर्तुळात टिके, दुसऱ्याच्या मते भरकटे. अखेर फ्रान्समधील लियों येथे तयार झालेला, प्रत्येक फल शेवटच्या स्थानापर्यंत बिनचूक पूर्णांकित करणारा संग्रह वापरण्यात आला, आणि भिन्न यंत्रांची उत्तरे तंतोतंत जुळू लागली.

इतर काही प्रकल्पांनी दुसरा मार्ग धरला. एकाच तुकड्याच्या सर्व प्रती एकाच जातीच्या प्रक्रियकांना व एकाच कार्यप्रणालीला पाठवावयाच्या, म्हणजे तुलना समानांतच होते.

मापाची दुरुस्ती

श्रेयाच्या बाबतीत प्रथम तात्पुरता तोडगा निघाला. एकाच तुकड्यावर तिघांचे दावे आले, तर मधला दावा तिघांनाही द्यावयाचा. याने टोकाचे दावे निष्प्रभ झाले; पण मधला दावाही त्याच सदोष काट्याचा होता.

खरी सुधारणा 2006 च्या सुमारास झाली. ‘सेटी ॲट होम’ने प्रत्यक्ष झालेल्या गणिती क्रिया मोजण्यास आरंभ केला, तर ‘आइन्स्टाइन ॲट होम’ने प्रत्येक तुकड्याचे श्रेय केंद्राकडूनच आधी ठरवून दिले. मग कार्यप्रणाली कोणतीही असो, त्या तुकड्याचे श्रेय एकच. आता कॉबलस्टोनची व्याख्या अशी केली जाते की, सेकंदाला एक अब्ज अपूर्णांक-क्रिया करणाऱ्या यंत्राच्या एका दिवसाच्या कामाचा दोनशेवा भाग, म्हणजे 432 अब्ज क्रिया. या सुधारणेनंतर ज्याचे यंत्र व आज्ञावली तुकडा लवकर पुरा करी, त्याच्या पदरी दिवसाकाठी अधिक श्रेय पडू लागले. हमालाच्या मजुरीचा हिशेब घड्याळावरून पोत्यांवर आला.

यातून घ्यावयाचा बोध संगणकापुरता नाही. माप हे मोजावयाच्या वस्तूचे असावे; मोजणाऱ्या साधनाचे गुणदोष त्यात मिसळले, तर आकडा कितीही नेमका दिसला तरी तो खोटा ठरतो.

अभ्यास

1. एका यंत्राच्या दोन्ही चाचण्या 3 अब्ज आल्या आणि तुकड्यास 8 तास लागले. जुन्या सूत्राने दावा किती? (उत्तर: 100)

2. शाळेत दोन्ही कार्यप्रणाली असलेले एक यंत्र असल्यास एकच मोठे गणित दोन्हींवर प्रत्येकी पाच वेळा चालवा. प्रत्येक वेळचा कालावधी लिहून सरासरी काढा. पाच वेळांतील आपापसातील फरक दोन सरासऱ्यांमधील फरकाहून मोठा असेल, तर कोणता निष्कर्ष काढणे योग्य होईल?

3. चालू यंत्र रिकाम्या यंत्रापेक्षा अधिक वीज घेते. शाळेने हे श्रमदान करावयाचे ठरविल्यास श्रेयाबरोबर आणखी काय मोजावे, यावर वर्गात चर्चा करा.