हेडर निवडावा तो ओझं बघून

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला राहतो. 2011 ची शेव्हर्ले सिल्व्हराडो, 5.3 लिटर व्ही-8, जुनी घेतली आहे. सकाळी सुरू केली की इंजिनाच्या उजव्या अंगाने टकटक येते आणि गाडी तापली की आवाज थांबतो. मेकॅनिक म्हणतो, मॅनिफोल्डचा बोल्ट तुटलाय, खोलायचंच आहे तर बाजारातले हेडर बसवून टाका. उन्हाळ्यात बोटीचा ट्रेलर ओढतो. शॉर्टी घेऊ की लाँग-ट्यूब? लाँग-ट्यूबचा विक्रेता पंचवीस हॉर्सपॉवर वाढतील म्हणतो.

उत्तर : शॉर्टी घ्या, आणि तोही ‘ईओ’ नंबर असलेलाच. त्याआधी दुखणं खरंच तेच आहे ना, एवढं पाहून घ्या. पुढचं चाक आणि आतलं प्लास्टिकचं अस्तर काढून टॉर्च मारा. हेडच्या मागच्या टोकाला बोल्टचं डोकं गायब आणि शेजारी काजळीचा काळा ओघळ दिसला, तर मेकॅनिक बरोबर आहे. या इंजिनांची ही जुनीच खोड. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, मॅनिफोल्ड बीडाचा; दोघांचं तापून फुगणं वेगळं, आणि त्या ओढाताणीत टोकाचे बोल्ट कापले जातात. गाडी तापली की धातू फुगून फट बुजते, म्हणून आवाज थांबतो. गाडी पूर्ण तापल्यावरही टकटक चालूच राहिली, तर संशय वॉल्व्हच्या लिफ्टरवर घ्यावा. त्याला हेडर हा इलाज नव्हे.

आता हेडर करतो काय ते पाहू. मूळ मॅनिफोल्डमध्ये एका बाजूच्या चारही सिलिंडरांचा धूर एकाच आखूड पोकळीत येऊन पडतो. तुमच्या इंजिनाचा फायरिंगचा क्रम 1-8-7-2-6-5-4-3 असा आहे. विषम आकड्यांचे सिलिंडर एका बाजूला, सम आकड्यांचे दुसऱ्या बाजूला. त्यामुळे एका बाजूला 3 नंतर लगेच 1 पेटतो, दुसऱ्या बाजूला 2 नंतर लगेच 6; मध्ये क्रँकचे अवघे 90 अंश. पहिली पंगत उठते न उठते तोच दुसरी त्याच दारात येऊन उभी राहावी, तसा हा प्रकार. हेडर प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी देतो आणि चारही नळ्या पुढे कलेक्टरमध्ये एकत्र आणतो. एका सिलिंडरचा धूर वेगाने निघून गेला की त्याच्यामागे दाब उतरतो, आणि त्या ओढीने पुढच्या सिलिंडरचा धूर सहज बाहेर येतो. ही वेळ जुळायला नळी लांब लागते. लाँग-ट्यूबची नळी सुमारे अडीच फूट असते, शॉर्टीची जेमतेम फूटभर. म्हणून शॉर्टीने ताकद नावापुरतीच वाढते.

विक्रेत्याचे पंचवीस हॉर्सपॉवर खोटेच असतील असं नाही, पण ते किती आरपीएमवर मिळतात हे त्याला विचारा. असे आकडे इंजिनाच्या कमाल ताकदीच्या जागी मोजतात. तुमच्या इंजिनात ती जागा पाच हजार आरपीएमच्या वर आहे, आणि बोट ओढताना तुमचा बराचसा वेळ दोन ते तीन हजारांत जातो. शिवाय त्या आकड्यात कॉम्प्युटरचं नवं ट्यूनिंगही धरलेलं असतं. नळीच्या जाडीचं गणितही हेच. जाड नळीत धुराचा वेग पडतो आणि खालचा दम जातो. 5.3 ला ओझ्यासाठी पावणेदोन इंच पुरे, किंबहुना एक पूर्णांक पाच-अष्टमांश इंच बरी. एक पूर्णांक सात-अष्टमांशच्या नळ्या 6.2 लिटरवाल्यांना किंवा शर्यतवाल्यांना लखलाभ.

निव्वळ यंत्राच्या हिशेबाने बारीक नळीचा लाँग-ट्यूब ओढायलाही सरस ठरतो. पण त्यासाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मूळ जागेवरून हलवावा लागतो आणि घोडं तिथेच पेंड खातं. कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी स्मॉग चेक असते. तिथला तंत्रज्ञ बॉनेट उघडून डोळ्यांनीही तपासतो, आणि एअर रिसोर्सेस बोर्डाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर, म्हणजेच ‘ईओ’, नंबर नसलेला हेडर दिसला की गाडी नापास. हेडरवरचा नंबर तुमच्याच मॉडेलला, वर्षाला आणि इंजिनाला लागू आहे का, हे बोर्डाच्या यादीत पाहून मगच पैसे मोजा. दुसऱ्या राज्यात तपासणी ढिली असली तरी कन्व्हर्टर काढून टाकायला फेडरल कायद्यानेही मनाई आहे.

धातूचं म्हणाल तर शिकागो-मिनेसोटाकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं, तिथे 304 स्टेनलेसला पर्याय नाही. फ्रेस्नोच्या कोरड्या हवेत सिरॅमिक कोटिंगचं साधं पोलादही वर्षानुवर्षं टिकेल. फ्लँज मात्र तीन-अष्टमांश इंच जाडीची घ्या. पातळ फ्लँज तापून वाकते आणि गळती पुन्हा सुरू होते. नळ्यांवर कापडी पट्टी गुंडाळू नका, ती ओल धरून ठेवते आणि पट्टीखालचं साधं पोलाद गंजवते. बसवताना बोल्ट आधी हातानेच फिरवून लावायचे, मग मधून टोकांकडे कसत जायचं, आणि गाडी चार-सहा वेळा तापून निवली की पुन्हा पाना लावून पाहायचा. प्लगच्या वायरचं बूट नळीला टेकत नाही ना, तेही बघा.

आणि फक्त टकटकच घालवायची असेल, तर तुटलेला बोल्ट काढून मॅनिफोल्डचा हेडला टेकणारा भाग सपाट करून घ्या आणि नवे बोल्ट, नवं गॅस्केट लावा. कमी खर्चात काम होईल, स्मॉग चेकचीही काळजी नाही.

प्रश्न : आमच्याकडे सांगलीत भाजी वाहायला बोलेरो पिकअप आहे. चढाला दम कमी पडतो. तिला हेडर लावता येईल का?

उत्तर : लावू नका. तुमचं इंजिन टर्बो डिझेल आहे. टर्बो मॅनिफोल्डवरच बसलेला असतो आणि धुराच्या दाबावर व उष्णतेवर फिरतो. मध्ये लांब नळ्या घातल्या तर धूर टर्बोपर्यंत पोचेस्तोवर निवतो आणि आहे तो दमही कमी होतो. शिवाय कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ने मनाई आहे. एअर फिल्टर झटकून नव्हे, बदलून पाहा. टर्बोचे होज चिरलेत का, क्लॅम्प ढिले आहेत का, हे तपासा. आणि गाडीत माल किती भरता, ते एकदा काट्यावर घालून बघा.