इमारतीचा हक्क विकून शेत राखणें

अमेरिकन कायद्याप्रमाणें जमिनीची मालकी ही अनेक हक्कांची मोळी होय; तींतील एक काडी काढून विकतां येते. सॅन फ्रान्सिस्को शहरालगतच्या मरिन जिल्ह्यांत याचा उत्तम दाखला आहे. तेथील कुरणांवर वसाहती उठूं नयेत म्हणून दुभतीं जनावरें पाळणाऱ्या एलन स्ट्राउस व जीवशास्त्रज्ञ फिलिस फेबर या दोघींनीं १९८० सालीं एक भूमिन्यास स्थापिला. न्यास शेतकऱ्याकडून केवळ इमारती उठविण्याचा हक्क घेतो. जमीन व वहिवाट शेतकऱ्याचीच राहते. करार जमिनीस कायमचा चिकटतो व पुढील खरेदीदारासही बांधतो.

मोबदला कसा ठरतो, तें वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावें. बंधनापूर्वींची किंमत व बंधनानंतरची किंमत यांतील फरक तेवढा मिळतो. त्यांतून कोणी कर्ज फेडतो, कोणी भावंडांचा वांटा देऊन शेत अखंड राखतो. आम्हांस हाच उपयोग मोठा वाटतो. पैसा न्यासाचे देणगीदार व सरकार मिळून उभारतात.

एकटें शेत राखून मात्र भागत नाहीं. चहूंकडे बंगले उठले म्हणजे शेणाच्या वासाचीही तक्रार होते! म्हणून शेजाऱ्यांचे करार जुळवून सलग पट्टा राखावा लागतो. विकलेला हक्क नातवासही परत मिळत नाहीं. सबब सहीपूर्वीं घरांतील सर्वांस जवळ बसवून ही अट वाचून दाखवावी.