आडवं इंजिन, सोळा सिलिंडर

प्रश्न : एका जुन्या परदेशी मासिकात 'चिझेता' नावाच्या इटालियन गाडीचा फोटो पाहिला. खाली लिहिलं होतं, सोळा सिलिंडर आणि इंजिन आडवं. ही छपाईची चूक, की खरंच अशी गाडी होती?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : चूक नाही. गाडी खरी आहे, फक्त बनल्या इतक्या थोड्या की सगळ्या मिळून एका लग्नाच्या मांडवापुढे उभ्या राहतील.

आधी 'आडवं' म्हणजे काय ते बघू. मारुती ८०० चं बॉनेट उघडलं की इंजिन डाव्या चाकाकडून उजव्या चाकाकडे बसवलेलं दिसतं. तेच आडवं इंजिन. मारुतीत सिलिंडर तीन, त्यामुळे जागेची चणचण नाही. चिझेतात मात्र आठ-आठ सिलिंडरच्या दोन रांगा, इंग्रजी व्हीच्या आकारात, सीटच्या मागे आडव्या टाकलेल्या. सहा लिटरचं इंजिन, ६४ व्हॉल्व्ह, ताकद ५४० अश्वशक्ती. गाडीची रुंदी दोन मीटरच्या पुढे गेली यात नवल नाही.

खरी गंमत या इंजिनाच्या पोटात आहे. एवढा लांब क्रँकशाफ्ट एका टोकाला धरून फिरवायचा म्हणजे ओलं धोतर पिळल्यासारखं. तो पीळ खाणारच. म्हणून इथे दोन व्ही-८ इंजिनं एकाच ब्लॉकमध्ये तोंडाला तोंड लावून ठेवावीत तशी रचना केली आणि ताकद टोकाकडून न घेता मधोमध, गिअरच्या दातांतून बाहेर काढली. तिथून गिअरबॉक्स सरळ मागे जातो. वरून पाहिलं तर इंग्रजी टी अक्षर दिसतं. गाडीच्या 'व्ही१६टी' या नावातला टी मात्र आडवेपणाचा, इटालियन 'ट्रास्व्हेर्साले'चा.

गाडीमागचा माणूस क्लाउदिओ झाम्पोल्ली. लॅम्बोर्गिनीत गाड्यांच्या चाचण्या घेणारा इंजिनिअर, पुढे लॉस एंजेलिसला जाऊन श्रीमंतांच्या इटालियन गाड्या विकणारा आणि दुरुस्त करणारा. आपल्या नावाची आद्याक्षरं इटालियनमध्ये वाचली, 'ची' आणि 'झेता', आणि कंपनीचं नाव तयार! पैसा घातला जॉर्जो मोरोडर यांनी. 'टॉप गन' आणि 'फ्लॅशडान्स'मधल्या गाण्यांसाठी ऑस्कर मिळवलेले संगीतकार ते हेच. त्यांची लॅम्बोर्गिनी काउंटाच झाम्पोल्लींच्याच गॅरेजात दुरुस्तीला येत असे.

संगीतकार या इंजिनाच्या प्रेमात का पडला असेल, याचा मी एक रिकामटेकडा हिशेब मांडला. सोळा सिलिंडरमध्ये शाफ्टच्या एका फेऱ्याला आठ स्फोट होतात. मिनिटाला ८,००० फेरे धरले तर सेकंदाला हजारावर स्फोट. पेटीवर पांढरी एक धरून बसलात, तर हा आकडा अतितार षड्जाच्या जवळ जातो. कानाला प्रत्यक्षात याहून बरंच काही ऐकू येतं, पण हिशेब सुरेल आहे.

गाडीचं रूप मार्चेल्लो गांदिनी यांचं. लॅम्बोर्गिनीच्या मिउरा आणि काउंटाच त्यांच्याच. तिथल्याच दियाब्लोचा पहिला आराखडाही त्यांनीच केला होता. पण १९८७ मध्ये क्रायस्लरने लॅम्बोर्गिनी विकत घेतली आणि अमेरिकेतल्या डिझायनरांनी त्याच्या कडा घासून गुळगुळीत केल्या. गांदिनींनी तीच धारदार कल्पना झाम्पोल्लींना दिली. म्हणून चिझेता पाहताना दियाब्लोचा सख्खा, जरा भांडखोर भाऊ पाहिल्यासारखं वाटतं. तुम्ही पाहिलेल्या फोटोत दिवे मिटलेले असतील तर एक मजा हुकली. बटण दाबलं की दोन्ही बाजूंनी झाकणं वर उचलली जातात आणि प्रत्येकात दोन-दोन हेडलाइट, एकावर एक. माझ्या मते निव्वळ मिरवायचं काम, पण मिरवण्यासारखं आहे खरं.

नमुना गाडी १९८८ च्या शेवटी लॉस एंजेलिसला दाखवली, पुढच्या वर्षी जिनिव्हाला. विक्री १९९१ च्या सुमारास मोडेनाहून सुरू झाली, तोवर मोरोडर बाजूला झाले होते आणि महागड्या गाड्यांचा बाजारही बसला होता. किंमत तीन लाख डॉलरच्या घरात. कारखाना छोटा, गाड्या हाताने बनणाऱ्या. ब्रुनेईच्या राजघराण्यासारखी गिऱ्हाइकं किती मिळणार? १९९४ मध्ये मोडेनातला कारभार बुडाला. झाम्पोल्ली अमेरिकेला परतले आणि तिथून नंतरही मागणी आली तर गाडी करून द्यायला तयार असत. सगळ्या मिळून आकडा डझनाच्या आतबाहेरच राहिला.

झाम्पोल्ली २०२१ मध्ये वारले. पुढच्याच जानेवारीत ती पहिली पांढरी नमुना गाडी अ‍ॅरिझोनात लिलावात निघाली. इतकी वर्षं मोरोडर यांनी ती स्वतःकडेच ठेवली होती. तेरा लाख डॉलरांच्या वर गेली. पुढच्या गाड्यांवरून भागीदाराचं नाव पुसलं गेलं; या एकीवर मात्र अजून 'चिझेता-मोरोडर' असंच लिहिलेलं आहे.