बंद पडलेले प्रतिरूप इंजिन : परीक्षण व दुरुस्ती
(सामान्य विज्ञान व हस्तव्यवसाय, इयत्ता ६ वी व ७ वी)

बारवी धरणाच्या परिसरातील मुलांना बदलापूर स्थानकामुळे आगगाडी परिचयाची असते. तथापि इंजिनाचे अंतरंग पाहण्याची संधी त्यांना क्वचितच मिळते. शाळेस देणगीदाखल लाभलेले डिझेल इंजिनाचे प्रतिरूप ही उणीव भरून काढू शकते. परंतु ते बंद पडले की, ज्याच्या हाती शेवटी होते त्या मुलास बोल लागतो आणि वस्तू कपाटात कुलूपबंद होते. हे टाळण्यासाठी निदान आधी व निर्णय नंतर, हा क्रम शिक्षकांनी पाळावा.

पूर्वज्ञान : खऱ्या डिझेल-विद्युत् इंजिनात तेलावर चालणारे यंत्र जनित्र फिरविते व त्या विजेवर आसांवरील मोटारी चालतात. वाराणसीच्या कारखान्यातून १९६४ साली बाहेर पडलेले इंजिन याच जातीचे. प्रतिरूपात तेल नसते. रुळांतील सुमारे १२ व्होल्टचा एकदिश प्रवाह चाकांवाटे मोटारीस मिळतो व दंतचक्रांमुळे चाके फिरतात.

बाह्य परीक्षण : पांढऱ्या कापडावर प्रतिरूप ठेवून मुलांकडून यादी करवावी : कठडे, पायऱ्या, भोंगे, जोडणीचे आकडे यांपैकी काय आहे, काय वाकले, काय हरवले. गळालेला प्रत्येक भाग डबीत जपावा.

निदान : ९ व्होल्टच्या बॅटरीच्या तारा दोन्ही बाजूंच्या चाकांना क्षणभर लावाव्यात. इंजिन चालले, तर दोष रुळांत किंवा वीजपुरवठ्यात. न चालल्यास टोपण काढून तारा मोटारीस लावाव्यात. मोटार फिरली, तर दोष चाके, स्पर्शपट्ट्या वा तारा यांत. मोटार फिरते पण चाके फिरत नाहीत, तर दांडा निसटला किंवा दंतचक्र तडकले. मोटार नुसतीच गुणगुणली, तर बॅटरी तत्काळ काढावी. आत इलेक्ट्रॉनिक पट्टी असल्यास ही परीक्षा करू नये, जाणकारास दाखवावे. घरातील वीज कदापि जोडू नये.

दुरुस्ती : कोकणातील दमट पावसाळ्यात धातूवर मळ व गंज लवकर धरतो, आसांभोवती केस व धागेही गुंडाळतात. ते चिमट्याने काढावेत. चाके स्पिरिटात किंचित भिजविलेल्या सुती कापडाने पुसावीत. खरकागद वापरू नये. त्याच्या ओरखड्यांत मळ अधिक साचतो. आसास सुईच्या टोकाने तेलाचा एकच थेंब द्यावा. तुटलेला कठडा बारीक पितळी तारेचा करावा. झटपट चिकटणाऱ्या डिंकाने खिडकीच्या काचेवर पांढुरका थर येतो. म्हणून तेथे तो टाळावा.

गणिताची जोड : १ : ८७ प्रमाणाच्या प्रतिरूपांचे रूळ १६.५ मि.मी. अंतराचे असतात. बदलापूरच्या मार्गाचे १६७६ मि.मी. अंतर याच प्रमाणात सुमारे १९ मि.मी. येते, नेरळ-माथेरानचे ६१० मि.मी. अंतर ७ मि.मी. येते. १६.५ मि.मी. अंतर कोणत्या मार्गाचे, हे मुलांनी गुणाकाराने शोधावे. (उत्तर : १४३५ मि.मी.च्या मार्गाचे.)

समारोप : ज्या मुलावर आळ आला होता, त्यासच चाकांतील गुंता काढावयास द्यावा. पुष्कळदा दोष मुलाच्या हाताचा नसून साचलेल्या मळाचा असतो, हे सर्व वर्गास स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल. इंजिन पुन्हा चालेल अथवा न चालेल. कारण शोधल्यावाचून दोष देऊ नये, एवढे मुले शिकली तरी पाठ सार्थकी लागला असे समजावे.