बटण दाबण्याआधी

बाई, यंदा चैत्रात गडावर जाणाऱ्या आपल्या दिंडीच्या गाडीत बसून वॉकीटॉकी तू सांभाळणार, हे आईने फोनवर सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं. पिंपळनेरहून सप्तशृंगीला पायी जाणाऱ्या मंडळात बायकांच्या वाट्याला नेहमी स्वयंपाकाची गाडी येते, आवाजाची गाडी येत नाही. पण तेवढ्यात आईने दुसरंही सांगितलं. सरावाच्या दिवशी पोरं वॉकीटॉकीच्या संचावर जे बोलत होती ते ऐकून तू घरी आलीस आणि म्हणालीस, हे काम दुसऱ्या कुणाला द्या. म्हणून हे सविस्तर लिहितेय. काम सोडू नकोस. त्या पोरांशी कसं वागायचं ते आपण दोघी मिळून ठरवू.

आधी एक गोष्ट नीट समजून घे, म्हणजे पोरांना समजावताना तुझा आवाज डगमगणार नाही. फोनवर कुणी वाईट बोललं तर ते दोघांमध्ये राहतं. संचाचं तसं नाही. एकाने बटण दाबलं की त्या चॅनलवरच्या बाकी सगळ्यांची तोंडं बंद होतात आणि कान उघडे राहतात. तो थांबेपर्यंत कुणी ‘अरे, पुरे’ असंसुद्धा म्हणू शकत नाही. शिवाय संच काही कानाला लावलेला नसतो. तो गाडीत, कमरेला, चहाच्या टेबलावर मोठ्या आवाजात चालू असतो. म्हणजे पुढच्या वळणावरच्या पोराने मागच्या पोराला हाणलेली शिवी गाडीत पाय दाबत बसलेल्या आजीबाई ऐकतात, अनवाणी चालणारी सात-आठ वर्षांची पोर ऐकते, आणि देवीचा झेंडा धरलेला माणूसही ऐकतो. बोलणाऱ्याला यातलं कुणीच दिसत नसतं. त्याच्या डोळ्यांपुढे फक्त त्याचा मित्र असतो.

अमेरिकेत हे सगळं फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेलंय. तिथे सर्वसामान्य माणसाला बोलता यावं म्हणून एक रेडिओपट्टा ठेवलेला आहे, सिटिझन्स बँड, लोक त्याला सीबी म्हणतात. 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, डिझेलची टंचाई झाली, पुढच्या वर्षी महामार्गांवर ताशी 55 मैलांची मर्यादा आली. मग कुठल्या पंपावर डिझेल मिळतंय, पोलीस कुठे उभे आहेत, हे ट्रकवाले एकमेकांना सीबीवर सांगू लागले. दोन-तीन वर्षांत ते वेड घरोघरी गेलं. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्डसुद्धा ‘फर्स्ट मामा’ या टोपणनावाने त्यावर बोलल्या. तेवीस चॅनल पुरेनात, म्हणून 1977 पासून चाळीस झाली. नववं चॅनल अडीअडचणीसाठी राखून ठेवलं. एकोणिसावं ट्रकवाल्यांचं झालं, ते मात्र कुणी नेमून दिलेलं नाही, नुसत्या रिवाजाने. 1983 मध्ये परवान्याची अटही गेली.

आणि गर्दी वाढली तशी घाणही वाढली. अश्लील बोलायला नियमाने मनाई होती, आजही आहे. पण टोपणनावामागे लपलेल्या माणसाला त्या गर्दीतून शोधणार कोण? गाडीत मुलंबाळं असली की लोक संच बंद ठेवू लागले. मला यात सगळ्यात वाईट वाटतं ते याचंच. शिव्या देणारे राहिले आणि ज्यांना मदतीची गरज पडू शकते असे लोक उठून गेले. दिंडीतही हेच होईल. बायका म्हणतील, बंद कर ते यंत्र. आणि नेमकी त्याच वेळी मागे कुणाला तरी भोवळ आलेली असेल.

सीबीची परवानगी आपल्या देशातही आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. 2005 पासून 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात परवान्याशिवाय बोलता येतं. ताकद पाच वॅटपर्यंत, अँटेना संचातच बसवलेली. ही अँटेनाची अट मोठी आहे. त्या लहरीची लांबी अकरा मीटरच्या आसपास असते, हातभर अँटेनातून ती नीट बाहेर पडत नाही, म्हणून पल्ला फार मिळत नाही आणि आपल्याकडे सीबी काही रुजला नाही. तुझ्या दादाचा मित्र परदेशातून आणलेला चाळीस चॅनलचा संच द्यायला निघालाय म्हणे. त्याला नको म्हण. त्यातलं अठ्ठाविसावं चॅनल आणि त्याच्या पुढची सगळी आपल्या मर्यादेबाहेर पडतात, आणि गाडीच्या टपावर उंच दांडा लावला की उरलेलीही नियमात बसत नाहीत.

तुम्ही वापरणार ते छोटे संच 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झचे असू द्यात. त्या पट्ट्याला 2018 च्या नियमांनी परवान्यातून सूट दिली आहे. खरेदी करताना यंत्राला सरकारी मंजुरी आहे का ते बघ. ऑनलाइन विकायला ठेवलेल्या कितीतरी संचांना ती नसायची. म्हणूनच 2025 च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने विकणाऱ्या संकेतस्थळांसाठी वेगळी नियमावली काढली. स्वस्त संच भलत्याच लहरीवर, कदाचित पोलिसांच्याच, बोलू लागला तर तुझी दिंडी पुढे जाईल आणि तू ठाण्यात बसशील.

या सवलतीत एक मेख आहे आणि माझं सगळं म्हणणं तिच्यावरच उभं आहे. परवान्याची सूट देताना सरकार सांगतं की ही जागा सगळ्यांची सामाईक आहे, तुम्ही कुणाला अडथळा करायचा नाही, आणि तुम्हाला अडथळा झाला तर संरक्षण मागायचं नाही. म्हणजे त्या चॅनलवर तुमचा हक्क नाही, वाटेत भेटणाऱ्या दुसऱ्या दिंडीचाही नाही, आणि भांडण झालं तर ‘हे आमचं’ असं सांगायला कागद नाही. गल्लीतल्या सार्वजनिक नळासारखं आहे ते. रांग लावायला शिपाई येत नाही, बायका आपापसांत लावतात, म्हणून सगळ्यांना पाणी मिळतं. हवेतल्या त्या जागेला रिवाजाखेरीज दुसरा राखणदार नाही. म्हणून संचावरची रीतभात हा वरवरचा शिष्टाचार आहे असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस.

आता पोरांच्या शिव्या. आपल्या खान्देशात मित्र भेटला की ‘काय रे भो’च्या पाठोपाठ आई-बहीण येतेच, आणि त्यात राग नसतो हे मलाही माहीत आहे. पोरं तुला तेच सांगतील, ताई, ते प्रेमाने असतं. तू वाद घालू नकोस. एवढंच विचार, प्रेम दोघा मित्रांचं, मग त्यात नाव आमचं का? अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यात, सौंदाळा नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामसभेने 2024 च्या नोव्हेंबरमध्ये ठराव केला की आई-बहिणीवरून शिवी दिली तर 500 रुपये दंड. शहरातल्या कुणी पढवून दिलेलं नाही, गावाने गावासाठी केलं. दंडाने माणूस सुधारतो का, यावर माझी खात्री नाही. पण असा ठराव झाला की गावातल्या पोरीला ‘मला हे चालत नाही’ असं म्हणायला जागा मिळते, तिला एकटीने उभं राहावं लागत नाही. तुझ्या मंडळातही निघायच्या आधीच्या बैठकीत हे बोललं गेलं पाहिजे, आणि ते तू नाही, मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ अप्पांनी बोललं पाहिजे. तू आधी त्यांच्या घरी जा, काकूंसमोर विषय काढ. काकूंसमोर काढलास की अप्पा टाळणार नाहीत.

भाषा मात्र बदलायला सांगू नकोस. संचावर पुस्तकी मराठी बोला म्हटलंस की पोरं लाजतील आणि लाज झाकायला अजून वात्रटपणा करतील. ‘गाडी कोठे शे रे भो’ यात काहीही वाईट नाही, उलट ते पटकन कळतं. अहिराणी राहू दे, आई-बहीण जाऊ दे.

आणि प्रत्येकाने आधी आपलं नाव सांगायचं. हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी रेडिओच्या, परीक्षेचा अभ्यास केला तेव्हा मला हे फार पटलं होतं. हॅमला सरकार परवाना देतं, बाराव्या वर्षापासून परीक्षा देता येते, आणि पास झालं की व्हीयू टू किंवा व्हीयू थ्रीने सुरू होणारी संकेतखूण मिळते. हवेत बोलताना ती सांगावीच लागते. ती खूण जगात दुसऱ्या कुणाची नसते. तोंडावर नाव असलं की माणूस जपून बोलतो. तुमच्याकडे खुणा नसतील, पण ‘झेंडा’, ‘पाणी टँकर’, ‘मागची गाडी’ अशी कामावरून नावं ठेव. मस्तीची टोपणनावं नकोत. मागची गाडी काय बोलली हे सगळ्यांना माहीत असतं, ‘टायगर’ काय बोलला याची जबाबदारी कुणीच घेत नाही.

हॅमवरून भारती प्रसाद आठवल्या, त्यांच्याबद्दल तुला सांगायचंच होतं. 2004 च्या डिसेंबरात त्या हॅम रेडिओच्या मोहिमेवर पोर्ट ब्लेअरला होत्या. अंदमानातून बरीच वर्षं हॅमचा आवाज निघाला नव्हता, त्यामुळे जगभरचे लोक त्यांच्याशी बोलायला धडपडत होते. 26 तारखेला सकाळी भूकंप झाला, मग त्सुनामी आली, फोन बंद पडले. त्यांनी मोहीम तिथेच थांबवली आणि बेटांवरच्या माणसांची खबर मुख्य भूमीवर पोचवायला बसल्या. जगभरच्या हॅमनी वाट मोकळी ठेवली, म्हणूनच ते निरोप जाऊ शकले. बाईचा आवाज संचावर शोभत नाही असं कुणी म्हणालं तर एवढी एकच हकीकत सांग.

रोजच्या वापराचं थोडं सांगते. बटण दाबल्यावर एक श्वास थांबून बोलायला शिकव, नाहीतर पहिला शब्द तुटतो आणि ‘येऊ नका’चं ‘नका’ तेवढं राहतं किंवा तेही राहत नाही. बोलून झाल्यावर ‘ओव्हर’ म्हणायचं आणि पुढच्याने लगेच बटण दाबायचं नाही. ती मधली फट मागच्यांसाठी असते. या संचांत दोघांनी एकदम बटण दाबलं तर जोरकस आवाज पोचतो आणि दूरचा, क्षीण आवाज पुरता दबतो. पुढची दोन पोरं थट्टा करत राहिली तर तीन वळणं मागे पडलेल्याची हाक ऐकूच येत नाही, आणि हाक आली होती हे कुणाला कळतही नाही. अमेरिकेतल्या सीबीच्या नियमात गप्पा पाच मिनिटांत संपवून किमान एक मिनिट चॅनल मोकळं सोडायला सांगितलंय. दिंडीत पाच मिनिटंही फार झाली.

संचावर ‘प्रायव्हसी कोड’ नावाची सोय असते. पोरांना वाटतं तो कोड लावला की आपलं कुणी ऐकत नाही. तसं मुळीच नाही. त्या कोडने बाकीच्यांचे आवाज तुमच्या संचात बंद होतात, तुमचा आवाज मात्र त्या चॅनलवरच्या कुणालाही ऐकू जाऊ शकतो. हे त्यांना प्रत्यक्ष दाखव. कोड नसलेला दुसरा संच घे आणि त्यांचंच बोलणं त्यांना ऐकव. माझ्या मते निम्म्या शिव्या तिथेच थांबतील.

ताहराबादकडे जाताना शेलबारी घाट लागतो. या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की संपलं. तिथे पोरं ‘हॅलो हॅलो’ करून वैतागतात आणि मग तोंड सुटतं. घाटाच्या माथ्यावर एक शांत डोक्याचा माणूस संच देऊन उभा कर, तो खालचा निरोप वर आणि वरचा खाली देईल. थकलेल्या, उपाशी माणसाच्या तोंडून शिवी लवकर निघते, म्हणून चहा-फराळ कधी येणार हे दर तासाला संचावर सांगत जा. या साध्या गोष्टीला मी फार महत्त्व देते.

इतकं करूनही एखादा बोललाच, तर हवेतल्या हवेत रागावू नकोस. ‘मागची गाडी, निरोप सांगा, ओव्हर’ असं सपाट आवाजात म्हण आणि पुढचं काम चालू ठेव. त्याला हवी असते प्रतिक्रिया, ती मिळाली की तो दुप्पट बोलतो आणि इतर चार जण हसायला लागतात. मुक्कामी पोचल्यावर त्याला बाजूला घे, एकट्याला सांग. दुसऱ्यांदा झालं तर संच त्याच्या हातातून काढून दुसऱ्याला दे, त्याला पाण्याच्या टँकरवर पाठव. चॅनलवर कुणी अनोळखी माणूस शिरून घाण बोलू लागला तर एक शब्दही उत्तर देऊ नका. दुसरं चॅनल आधीच ठरवून ठेव, ‘जागा बदला’ एवढं म्हण आणि सगळे तिकडे जा.

मात्र बोलणं तुझ्यावर घसरलं, तुझं नाव घेऊन, तुझ्या अंगावरून कुणी बोललं, तर ती थट्टाही नाही आणि रिवाजाची गोष्टही नाही. बाईच्या विनयाचा अपमान करण्याच्या हेतूने बोलणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 79 खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ते शब्द संचातून आले म्हणून काही बदलत नाही. वेळ, चॅनल आणि जसेच्या तसे शब्द वहीत लिहून ठेव, लिहायला लाज वाटली तरी लिही. फोनवर आवाज टिपून घे. गाडीतल्या दोन बायकांना सांग की तुम्हीही ऐकलंत. अप्पांना त्याच मुक्कामी कळव, आणि दिंडीची बदनामी होईल म्हणून कुणी गप्प बसायला सांगितलं तर त्यांना न जुमानता 112 लाव. मला फोन कर, कितीही वाजले असले तरी. मी सटाण्यापर्यंत गाडी घेऊन येईन, आणि तुझ्या शेजारच्या सीटवर बसून गडापर्यंत दुसरा संच मी सांभाळेन.