बाणाविना दोरी सोडली तर?

प्रश्न : माझा भाचा नोकरीनिमित्त मिशिगनमध्ये असतो. सहकाऱ्यांच्या नादाने तो आता धनुष्यबाणाने हरणाची शिकार शिकणार म्हणतोय. कंपाउंड धनुष्य बघायला गेला, तर दुकानदाराने पहिलंच बजावलं, बाण लावल्याशिवाय दोरीला हात लावायचा नाही. बाण सुटला तर धोका, हे कळतं. बाणच नसेल तर धोका कोणाला? – एक वाचक, सातारा

उत्तर : धनुष्याला, आणि ते ज्याच्या हातात आहे त्याला.

कंपाउंड धनुष्याच्या दोन्ही टोकांना कॅम नावाची वेडीवाकडी चाकं असतात. मिझुरीतल्या होलिस विल्बर ऍलन यांनी १९६६ साली या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये त्यांना ते मिळालं. या चाकांमुळे दोरी ओढताना मधल्या टप्प्यात पूर्ण जोर लागतो आणि शेवटी तो एकदम उतरतो. ६० पाउंडांचं, म्हणजे २७ किलोंच्या आसपास जोर लागणारं धनुष्य पूर्ण ओढल्यावर जेमतेम १२ पाउंडांत धरून ठेवता येतं. शिकाऱ्याला याचाच फायदा. हरीण वळेपर्यंत तो थांबू शकतो.

पण हाताला भार कमी लागला म्हणून धनुष्यात साठलेली ऊर्जा कमी होत नाही. दोरी सुटली की तिचा मोठा हिस्सा बाण घेऊन जातो. साधारण २५ ग्रॅमचा बाण ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने निघतो. बाण नसेल तर ती ऊर्जा जायची कुठे? ती दोरी, कॅम आणि धनुष्याच्या पात्यांवरच उलटते. दोरी खाचेतून निसटते, कॅम वाकतो, कधी पातं फुटून त्याच्या चिरफळ्या चेहऱ्यापर्यंत येतात. फार हलका बाणही याच कारणाने नको. ढोबळ नियम असा, की धनुष्याच्या दर पाउंडामागे बाणाचं वजन निदान पाच ग्रेन हवं. ६० पाउंडांना ३०० ग्रेन, म्हणजे सुमारे १९ ग्रॅम.

चुकून अशी रिकामी दोरी सुटलीच, तर 'काही झालेलं दिसत नाही' म्हणून पुढचा बाण लावू नये. पात्यांवरून कापसाचा बोळा फिरवावा. बारीक चीर असेल तर धागे अडकतात. तरीही धनुष्य जाणकार कारागिराकडे न्यावंच. दोरी बदलायला लागणारं खास दाबयंत्र त्याच्याकडे असतं, घरी पाने-पक्कड घेऊन बसण्याचं हे काम नव्हे. कार्बनचे बाणही दर वेळी हलके वाकवून, कान देऊन तपासावेत. तडकलेला बाण सुटताना फुटला तर तो धनुष्य धरलेल्या हातातच घुसतो.

आता भाच्याची खरेदी. नवशिके हटकून चुकतात ते मापात. दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर इंचांत मोजा आणि अडीचने भागा. पाच फूट सात इंचाच्या माणसाचं उत्तर बहुधा २७ इंचांच्या आसपास येईल. मित्राचं २९ इंची धनुष्य स्वस्तात मिळतंय म्हणून घेतलं, तर तो मागे झुकून ओढेल आणि दोरी कोपराच्या वरखाली सालटं काढेल. जोराचंही तसंच. खुर्चीत बसून, धनुष्य आभाळाकडे न उचलता, सरळ रेषेत ओढता येईल तेवढंच घ्यावं. पुरुषी अभिमानापोटी ७० पाउंड घेणाऱ्यांची कमतरता नाही. थंडीत तीन तास गारठून बसल्यावर तो अभिमान दोरी ओढून देत नाही.

दोरी बोटांनी नव्हे, मनगटाला बांधलेल्या रिलीजने सोडतात. त्याला बंदुकीसारखा घोडा असतो. ओढताना बोट घोड्याच्या मागे, नेम लागल्यावरच पुढे. नाहीतर अर्ध्यातच दोरी सुटून स्वतःचीच मूठ तोंडावर बसते. आणि बाण न सोडता दोरी हळूच परत नेण्याचा सराव वेगळा करावा, तोही बाण लावूनच. मधला पूर्ण जोराचा टप्पा उलटा येतो तेव्हा धनुष्य हाताला हिसका देतं.

शिकारीच्या बाणाची पाती वस्तऱ्यासारखी असतात. भात्याला टोपण हवं, पाती फिरवायला त्यांचा खास पाना हवा. सरावाच्या टोकांनी बसवलेला नेम या पात्यांनी हलतो, म्हणून त्यांच्यासह पुन्हा तपासावा. सुरुवातीला वीस यार्डांपलीकडे बाण टाकू नये, आणि हरीण आडवं किंवा किंचित पाठमोरं उभं असेल तरच टाकावा. समोरून टाकलेल्या बाणाने जनावर जखमी होऊन दूर जाऊन मरतं, ही शिकार नव्हे.

तरी धनुष्यशिकाऱ्यांना जायबंदी करतं ते बहुतेकदा झाड. मचाणावरून पडण्याचे अपघात बाणाच्या जखमांहून पुढे आहेत. छातीला आणि मांड्यांना बांधणारा पूर्ण पट्टा जमिनीवरच चढवावा, उतरेपर्यंत सोडू नये. धनुष्य पाठीला लटकवून चढू नये. वर बसून, पट्टा बांधून, मग दोरखंडाने ओढून घ्यावं.

मिशिगनमध्ये हरणांचा धनुष्य-हंगाम १ ऑक्टोबरला उघडतो. १९६० पासून पुढे जन्मलेल्याला सुरक्षा अभ्यासक्रमाचा दाखला लागतो, किंवा अनुभवी शिकाऱ्याच्या सोबतीने शिकाऊ परवाना. त्याला अभ्यासक्रमच करायला सांगा.

आणि पुढेमागे तो धनुष्य साताऱ्याला आणणार असेल, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे इथे हरणावर ते उचलता येणार नाही. लक्ष्यावर मात्र खुशाल चालवावं. २०२३ ची कंपाउंड विश्वविजेती अदिती स्वामी साताऱ्याचीच. फक्त स्पर्धेत ६० पाउंडांच्या वरचं धनुष्य चालत नाही, हे खरेदीआधीच त्याच्या कानावर घाला.